कळत होतं, पण वळलं नाही : लिंडन जॉन्सन आणि व्हिएतनाम

२७ मे १९६४ ही तारीख आपल्याकडे नेहरू गेले तो दिवस म्हणून लक्षात आहे. त्याच दिवशी सकाळी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन फोनवर होते. पलीकडे सिनेटर रिचर्ड रसेल, म्हणजे सिनेटच्या लष्करविषयक समितीचे प्रमुख आणि राजकारणात जॉन्सनना बोट धरून चालवणारे गुरू. जॉन्सननी विचारलं, हे व्हिएतनाम आपल्याला कितपत महत्त्वाचं आहे? रसेल म्हणाले, काडीचंही नाही. अर्ध्या तासाने जॉन्सन सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी बोलत होते आणि त्यांना आपल्या घरच्या एका सार्जंटबद्दल सांगत होते. हा सार्जंट त्यांचे कपडे काढून ठेवायचा, रात्री वाचायचे कागद आणून द्यायचा. त्याला सहा मुलं. सकाळी त्याच्याकडे बघताना मनात आलं, याच्या पोरांना मी तिकडे कशासाठी धाडायचं? मला काय किमतीचं आहे ते व्हिएतनाम? या देशाला काय किमतीचं आहे?

हे सगळं टेपवर आहे, कारण व्हाइट हाउसमधले फोन जॉन्सन स्वतःच रेकॉर्ड करून ठेवत. ते गेल्यानंतर वीसेक वर्षांनी या टेप लोकांना ऐकायला मिळाल्या आणि त्यांच्यावरच्या टीकेचा रोखच बदलला. तोवर चित्र सोपं होतं: टेक्सासचा आडदांड, युद्धखोर अध्यक्ष, ज्याच्या दारात विद्यार्थी ‘आज किती पोरं मारलीस?’ अशा घोषणा द्यायचे. टेपमधला माणूस युद्धखोर नाही. त्याला सगळं दिसतंय, आणि तरीही तो पुढे चाललाय. माझ्या मते हा आरोप युद्धखोरीपेक्षा जड आहे.

त्याच सकाळी जॉन्सननी रसेलना टेक्सासातल्या एका जुन्या मित्राचं म्हणणं ऐकवलं होतं: लोक तुला सगळं माफ करतील, दुबळेपणा सोडून. पुढच्या चार वर्षांचं परराष्ट्र धोरण या एका वाक्यात आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता थोडी पार्श्वभूमी. व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत. १९५४ साली दिएन बिएन फू इथे फ्रेंच फौज हरली आणि जिनिव्हात तडजोड होऊन १७ अक्षांशावर देशाचे तात्पुरते दोन भाग झाले. उत्तरेत हो चि मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या टेकूवरचं. दोन वर्षांत निवडणूक होऊन देश एक व्हायचा होता, ती निवडणूक झालीच नाही. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. अमेरिकेचा हिशेब असा होता की एक देश कम्युनिस्टांकडे गेला की शेजारचाही जाणार, उभ्या केलेल्या सोंगट्यांच्या रांगेसारखा. त्यात घरची एक भीती मिसळलेली. १९४९ मध्ये चीन माओच्या हाती गेला तेव्हा ‘चीन कोणी गमावला?’ म्हणत विरोधकांनी तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या पक्षाला सोलून काढलं होतं. जॉन्सन त्याच पक्षाचे, आणि तेव्हा सिनेटमध्ये नुकतेच आलेले. तो तमाशा त्यांनी जवळून पाहिला होता.

नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाले, तेव्हा व्हिएतनाममध्ये १६ हजारांच्या आसपास अमेरिकी ‘सल्लागार’ होते. सल्लागार म्हणजे गणवेशातले सैनिकच, पण लढाई कागदोपत्री दक्षिण व्हिएतनामची. तिथून पाच लाखांवर आकडा कसा गेला?

पहिली पायरी टोंकिनच्या आखातात. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला. तो खरा. दोन दिवसांनी दुसरा हल्ला झाल्याची बातमी आली. रात्र, वादळी हवा, रडारवर ठिपके, गोंधळलेले खलाशी. तो हल्ला झालाच नव्हता, हे आता अमेरिकेच्या हेरखात्याच्या स्वतःच्या कागदांतूनच जवळजवळ सिद्ध झालंय. पण त्याच्या जोरावर जॉन्सननी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, ठराव मिळवला की अध्यक्षांनी आवश्यक ते सगळे उपाय योजावेत. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, अध्यक्ष फक्त सेनापती. इथे मात्र काँग्रेसने कोऱ्या चेकवर सही करून दिली. हा ठराव आजीच्या नाइटगाउनसारखा आहे, सगळं झाकतो, असं जॉन्सन खासगीत म्हणाल्याचं सांगतात. (विरोधात मत देणारे दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. दोघेही १९६८ च्या निवडणुकीनंतर सिनेटबाहेर गेले. बरोबर ठरणं आणि निवडून येणं यांचा संबंध असलाच तर विचित्र आहे.)

मग निवडणूक. जॉन्सन प्रचारात सांगत होते, आशियातल्या पोरांनी स्वतःसाठी करायचं काम करायला आम्ही अमेरिकेची पोरं दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांच्यावर युद्धखोर म्हणून शिक्का मारला गेला. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले.

चार महिन्यांत, मार्च १९६५ मध्ये, उत्तरेवर नियमित बॉम्बफेक सुरू झाली. यापुढचा क्रम नीट बघण्यासारखा आहे, कारण मोठं युद्ध असंच लहान लहान, समंजस वाटणाऱ्या पावलांनी येतं. बॉम्ब टाकायला विमानं हवीत. विमानांना तळ हवा. तळावर हल्ला होऊ शकतो, म्हणजे राखण हवी. राखणीसाठी ८ मार्चला दानांगच्या किनाऱ्यावर साडेतीन हजार मरीन उतरले. राखण करणारा नुसता कुंपणाच्या आत बसून राहिला तर बाहेरून तोफा डागल्या जातात, म्हणून त्याने बाहेर जाऊन शोध घ्यायला हवा. एप्रिलच्या सुरुवातीला मरीनना आक्रमक कारवाईची परवानगी मिळाली. त्या गुप्त आदेशातच लिहिलं होतं की याची आधी प्रसिद्धी होऊ नये, आणि हा बदल जुन्या धोरणातूनच हळूहळू आल्यासारखा दिसावा.

म्हणजे राखणदाराला शिपाई केलं, पण पाटी राखणदाराचीच ठेवली. हे कागद १९७१ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आले तेव्हा लोक भडकले ते युद्धापेक्षा या वाक्यामुळे, असं मला वाटतं.

२८ जुलै १९६५ हा खरा निर्णयाचा दिवस. सेनापती वेस्टमोरलंड यांना मोठी कुमक हवी होती. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांचं म्हणणं होतं की राखीव दलं बोलवा, संसदेकडे पैसे मागा, देशाला सांगा. जॉन्सननी रात्रीचं, अख्खा देश टीव्हीसमोर बसतो त्या वेळचं भाषण टाळलं. भर दुपारी पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं, सैनिक ७५ हजारांवरून सव्वा लाख होतील, पुढे लागतील तसे पाठवू. धोरणात बदल झालाय का, असं पत्रकाराने विचारलं. नाही, म्हणाले.

हे सगळं आडून का? उत्तर तारखांत आहे. ३० जुलैला, म्हणजे दोनच दिवसांनी, जॉन्सननी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. म्हाताऱ्या माणसांना सरकारी आरोग्य विमा. ६ ऑगस्टला मताधिकार कायदा, ज्याने दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना खऱ्या अर्थाने मत देता येऊ लागलं. त्याआधीच्या वर्षी नागरी हक्क कायदा. गरिबी, शाळा, दवाखाने यांवर एवढं काम रूझवेल्टनंतर कोणी केलं नव्हतं. जॉन्सनना भीती ही, की युद्धाचा खरा खर्च टेबलावर ठेवला तर काँग्रेसमधले सनातनी म्हणतील, एक तर तोफा घ्या किंवा दवाखाने. आणि व्हिएतनाम सोडलं तर तेच लोक दुबळा म्हणून फाडून खातील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी तिसरी वाट काढली: दोन्ही करायचं, पण युद्ध झाकून.

झाकलेल्या गोष्टीला पैसा तर लागतोच. अर्थतज्ज्ञ १९६६ पासून कर वाढवा म्हणत होते. कर वाढला तो १९६८ च्या जूनमध्ये. तोवर महागाई दीड-दोन टक्क्यांवरून चारच्या वर गेली होती, आणि सामाजिक योजनांना कात्री लागायची ती लागलीच. ज्या गरिबांच्या पोरांना वाचवायचं म्हणून खोटं बोलायचं, त्यांच्याच ताटातलं गेलं.

टीकाकार एका जातीचे नव्हते. वर्गवारी न करता सगळ्यांना ‘युद्धविरोधी’ म्हटलं की घोटाळा होतो. एक गट सरकारच्या आतला. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल लेखी टिपणं देऊन सांगत राहिले की गोऱ्या परक्या फौजेला जंगलात गनिमांविरुद्ध जिंकता येणार नाही. जॉन्सन त्यांचं ऐकून घेत, आणि मग बॉल यांचं मत म्हणजे घरचाच विरोधक, असा शिक्का मारून ते फायलीत जाई. उपाध्यक्ष हम्फ्री यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये पत्र लिहून बजावलं की एवढ्या मोठ्या बहुमतानंतर हात झटकायला याहून चांगलं वर्ष मिळणार नाही. त्याचं बक्षीस म्हणून पुढचे कित्येक महिने त्यांना व्हिएतनामच्या बैठकांना बोलावलंच नाही. विरोधी सूर कानावर येत नाही असं नव्हतं, त्याची जागा ठरवून दिली होती.

दुसरा गट सेनापतींचा आणि त्यांच्या बाजूच्या खासदारांचा. ते म्हणत, लढायचं तर धडाक्यात लढा. हे थेंब थेंब बॉम्ब काय? दर मंगळवारी दुपारी व्हाइट हाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर अध्यक्ष, परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री बसून कुठला पूल, कुठलं कोठार उडवायचं ते ठरवत. जेवता जेवता लक्ष्यं निवडणारे अध्यक्ष, या चित्राची बरीच टर उडवली गेली. पण इथे मी जॉन्सनच्या बाजूने एक शब्द बोलेन. कोरियात १९५० साली अमेरिकी फौज चीनच्या सीमेपाशी गेली आणि चिनी सैन्याचा लोंढा अंगावर आला, हे ते विसरले नव्हते. आणि भीती पोकळ नव्हती. चीनने १९६५ पासून उत्तर व्हिएतनाममध्ये विमानविरोधी तोफा आणि रस्तेबांधणीसाठी लाखांनी सैनिक पाठवले होते, हे पुढे उघड झालं. ‘धडाक्यात लढा’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर कधी नीट दिलं नाही.

तिसरा गट मूळ प्रश्न विचारणारा: आपण तिथे आहोतच कशाला? फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांनी परराष्ट्र समितीची सुनावणी टीव्हीवर घेतली. गंमत म्हणजे टोंकिनचा ठराव सिनेटमध्ये पुढे रेटणारे हेच फुलब्राइट. आपण फसलो, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं, आणि राजकारणात हे दुर्मीळच. शीतयुद्धाच्या धोरणाचे जनक मानले जाणारे जॉर्ज केनन तिथे साक्ष देऊन गेले की व्हिएतनाम एवढ्या मोलाचं नाही. ती साक्ष चालू असताना एका मोठ्या वाहिनीने थेट प्रक्षेपण सोडून जुन्या विनोदी मालिकेचा भाग लावला, आणि तिच्या बातमी विभागाच्या प्रमुखाने त्यावरून राजीनामा दिला. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधून बोलले: गरिबांसाठीचा पैसा युद्धात जळतोय, आणि घरी ज्यांना स्वातंत्र्य मिळालं नाही ती काळी पोरं दूरदेशी स्वातंत्र्यासाठी मरतायत. जॉन्सनना हे जिव्हारी लागलं. मताधिकार कायदा दोघांनी मिळून ओढून आणला होता.

आता आपल्या दारातली गोष्ट. महाराष्ट्रात सत्तरी ओलांडलेल्या कोणाला ‘मिलो’ म्हणून बघा. तोंड वाकडं होईल. रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी, जिची भाकरी नाइलाज म्हणूनच खाल्ली जायची. हे धान्य ‘पीएल ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली यायचं, रुपयांत पैसे देऊन. (काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, याच कायद्याखाली आलेल्या गव्हातून आलं असं आपण सर्रास म्हणतो. पुण्यात त्याची नोंद पन्नाशीच्या दशकातच झाली होती, भारताचा पहिला पीएल ४८० करार १९५६ च्या ऑगस्टमधला, तेव्हा आरोप तितका पक्का नाही.)

१९६५ मध्ये पाऊस गेला, १९६६ मध्ये पुन्हा गेला. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा असं आवाहन केलं तो हा काळ. १९६६ साली आपण सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. आणि नेमकं याच वेळी जॉन्सननी कित्येक वर्षांचे करार बंद करून धान्य महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. जहाज बंदरात लागलं की माल थेट लोकांच्या तोंडी, कोठारात शिल्लक काही नाही. भारतात पाऊस कुठे पडला हे ते जातीने बघत. कारण सांगितलं जायचं शेतीसुधारणांचं: भारताने शेतीवर खर्च करावा, खतं आणावीत. ते कारण खरंही होतं. पण दुसरं कारण व्हिएतनाम.

भारत त्या देखरेख आयोगाचा अध्यक्ष, त्यामुळे बॉम्बफेक थांबवा हे म्हणणं दिल्लीला भागच होतं. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सननी शास्त्रीजींची ठरलेली अमेरिका भेट तडकाफडकी पुढे ढकलली. पाकिस्तानच्या अयूबखानांचीही ढकलली, पण दिल्लीला दुखलं. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, कौतुक झालं, धान्याची आश्वासनं मिळाली, जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलैमध्ये इंदिराबाई मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरून अमेरिकेवर बोट ठेवलं गेलं. जॉन्सन खवळले, जहाजं रेंगाळली. भारत पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांट जे म्हणतात तेच म्हणतोय, असं कोणीतरी समजवायला गेलं, तेव्हा ते म्हणाले, पोपना आणि ऊ थांटना आपला गहू नको असतो. किस्सा म्हणून हा सांगितला जातो, पण वागणं त्याच्याशी जुळतं.

यातून जॉन्सनना काय मिळालं? भारत गप्प बसला नाही. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६६ मध्येच मेक्सिकन गव्हाचं १८ हजार टन बियाणं आणलं, आणि दिल्लीतल्या एका अख्ख्या पिढीने मनात गाठ मारली की पुन्हा कोणापुढे ताट घेऊन उभं राहायचं नाही. हरित क्रांतीचं श्रेय काही अमेरिकी अभ्यासक जॉन्सनच्या या आवळलेल्या दोरीला देतात. मला ते पटत नाही. सुब्रमण्यम त्या वाटेने आधीच निघाले होते. मित्र म्हणवणाऱ्यांचंही वेगळं नव्हतं. ब्रिटनने एकही लढाऊ तुकडी पाठवली नाही, आणि फ्रान्सचे द गॉल १९६६ मध्ये शेजारच्या नॉमपेन्हला जाऊन सांगून आले की अमेरिकेने निघून जावं. ही जागा सोडून आलेला माणूस बोलत होता.

आणि लढाईत? जमीन जिंकून पुढे सरकायचं हे युद्ध नव्हतं, म्हणून प्रगती मोजायची कशी हा प्रश्न पडला. फोर्ड कंपनीतून आलेल्या मॅक्नमारांनी आकडे मागितले, आणि सगळ्यात सोपा आकडा मेलेल्या शत्रूंचा. वरिष्ठांना आकडा हवाय म्हटल्यावर तो खालून वाढतच येणार. कागदावर विहिरी खोदल्या जाताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शेतात मेलेला शेतकरीही मोजणीत गनीम झाला. १९६७ च्या अखेरीस स्वतः मॅक्नमारांचा विश्वास उडाला, त्यांनी बॉम्बफेक थांबवा असं टिपण दिलं, आणि लवकरच त्यांची रवानगी जागतिक बँकेत झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये वेस्टमोरलंड मायदेशी येऊन सांगत होते की शेवट आता दिसायला लागलाय.

अडीच महिन्यांनी, ३० आणि ३१ जानेवारी १९६८ च्या रात्री, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले झाले. सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात १९ जण भिंत फोडून शिरले आणि सकाळपर्यंत लढले. लष्करी हिशेबात हा हल्ला उत्तरेला महाग पडला, त्यांची माणसं प्रचंड मेली. पण सरकार दोन वर्षं जे सांगत होतं आणि पडद्यावर जे दिसत होतं त्यातलं अंतर आता कोणालाच झाकता येईना. अमेरिकी वर्तमानपत्रांनी या अंतराला आधीच ‘विश्वासाची दरी’ असं नाव दिलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी वॉल्टर क्रॉंकाइट या सगळ्यात विश्वासू मानल्या जाणाऱ्या वृत्तनिवेदकाने सांगितलं की आपण कोंडीत अडकलोय. मार्चमध्ये बातमी फुटली की सेनापतींना आणखी २ लाख ६ हजार सैनिक हवेत. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत फारसं कोणाला माहीत नसलेले सिनेटर यूजीन मॅकार्थी ४२ टक्क्यांवर गेले, पदावरचे अध्यक्ष ४९ वर. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले, बॉम्बफेक आवरती घेतल्याचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की पक्षाची उमेदवारी मी मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही.

एवढी स्पष्ट वाक्यं त्यांनी जुलै १९६५ मध्ये वापरली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. कदाचित काँग्रेसने युद्धच नाकारलं असतं. कदाचित अधिक जोमाने केलं असतं. निदान सही कोणाची आहे हे तरी कळलं असतं.

त्यांच्या कारकिर्दीत मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या तीस हजारांच्या पुढे, त्यातले १६ हजारांहून अधिक एकट्या १९६८ मधले. व्हिएतनामी माणसं किती, याचे अंदाज लाखांत आहेत. राखीव दलं न बोलावता युद्ध चालवायचं ठरल्यामुळे भार पडला तो सक्तीच्या भरतीवर. कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत होती, त्यामुळे चिठ्ठी यायची ती बहुतेक कामकऱ्यांच्या, छोट्या गावांतल्या, गरीब वस्तीतल्या मुलांना. त्या सार्जंटच्या सहा पोरांसारख्यांना.

जॉन्सन २२ जानेवारी १९७३ रोजी टेक्सासातल्या आपल्या शेतावर हृदयविकाराने गेले. पाच दिवसांनी, २७ जानेवारीला, पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की सक्तीची भरती बंद.